निळी टिपरी

खवा भरायच्या दोन डब्यांत सगळी पुस्तकं मावेनात, तेव्हा उत्तरेश्वरनं कडब्याच्या गंजीकडं नजर टाकली.

"तिथं नको," उज्ज्वला म्हणाली. "उंदरं कुरतडतील."

"मग कुठं? तूच सांग. बार्शी सोडून निघालेत ती लोकं."

"मला काय विचारता? लपवायचं तुमच्या डोक्यातनं निघालंय."

"माझ्या एकट्याच्या? काल श्रीमंतचा फोन आला तवा तू पण व्हय म्हणालीस की."

म्हणाली होती खरी. तिनं पदरानं एका डब्याची कड पुसली आणि आणखी चार पुस्तकं आत उभी कोंबली.

काल बार्शीच्या दवाखान्यात प्रेमाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज सकाळी पट्टी निघाली. धाकटा दीर श्रीमंत आणि उज्ज्वलाची मुलगी आरोही त्यांना जीपमधून घरी आणत होते. डोळा म्हणजे एकच. उजवा डोळा प्रेमाबाईंनी लहानपणी शेळ्या राखताना बाभळीच्या काट्यापायी गमावला होता. मराठी मुलांच्या हातात असलेली त्यांची सतरा पुस्तकं, त्यांतला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक चित्र डाव्या डोळ्याचं होतं. त्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकत गेला, तरी त्या ऑपरेशनला तयार होईनात. "एकच हाय. तो पण जुगारावर लावू का?" असं म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. आरोही भौतिकशास्त्र शिकायला धाराशिवला गेली आणि वर्षभर आजीच्या मागं लागली, तेव्हा कुठं त्या गेल्या.

या पिकत्या डोळ्यानं त्यांनी दोन पुस्तकं केली होती. त्या दोन्ही पुस्तकांत टिपरी निळी होती.

टिपरी म्हणजे त्यांची शेळी. शिंगापासून खुरापर्यंत काळी, या भागातल्या शेळ्या असतात तशी. प्रेमाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासू खव्याची भट्टी चालवत होती. उकळत्या कढईभोवती गल्लीतली लेकरं गोळा व्हायची. त्यांना लांब ठेवायचं काम नव्या सुनेकडं आलं. तिनं भट्टीपासून चांगलं अंतर सोडून जमिनीवर कोळशानं एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं बसलं तर गोष्ट चालू, पलीकडं पाऊल गेलं की गोष्ट बंद. गोष्टीतली शेळी त्याच कोळशानं रेघेला टेकून काढायची. त्या भट्टीवर एकही लेकरू भाजलं नाही. शाळेतल्या एका गुरुजींनी एक गोष्ट चित्रांसकट सोलापूरच्या छापखान्यात नेऊन दिली, तेव्हा उत्तरेश्वर रांगत होता.

पुस्तकं छापली जाऊ लागली तरी कामाची रीत तीच राहिली. नवीन चित्र झालं की प्रेमाबाई ते गोठ्याच्या भिंतीवर, लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायच्या आणि भिंतीकडं पाठ करून ज्वारी निवडत बसायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. "विचारलं की लेकरं आपल्याला बरं वाटंल असं बोलतात. न्हाई विचारलं की खरं बोलतात." मागं लेकरं बोलत राहायची. ज्या चित्रापाशी कुणी अडलं, ते चित्र उतरायचं. एका पुस्तकातला बैल त्यांनी पुन्हा पुन्हा काढला, कारण एक पोरगी म्हणाली होती, "ह्याला काम लई हाय आणि हा हसतोय कशाला?"

निळ्या टिपरीचं पहिलं चित्र उज्ज्वलानं ओलं असताना पाहिलं होतं. काळ्या आणि निळ्या शाईच्या बाटल्या एकाच आकाराच्या. रंग गर्द होता, सांजेनंतर डोंगर दिसतो तसा. तिला वाटलं, सासूबाईंनी मुद्दाम काहीतरी नवं केलंय. मग त्या म्हणाल्या, "काळा कसा भरलाय बघ, उज्ज्वला. एक डाग दिसतोय का कुठं?"

"न्हाई आत्या. लई छान झालंय."

संध्याकाळी लेकरं गोठ्याकडं निघाली तेव्हा तिनं त्यांना दारातच गाठलं. हातावर एकेक पेढा ठेवला. "रंगाचं काय बोलायचं न्हाई. आजीला वाईट वाटंल." त्या दिवसापासून दाराचा तो नियमच झाला. मोठ्या लेकरांनी धाकट्यांना शिकवला. पुस्तक निघालं, त्याला राज्याचा पुरस्कार मिळाला, एका प्राध्यापकानं त्या निळ्या रंगाच्या अर्थावर लांबलचक लेख लिहिला. श्रीमंतनं तो आईला वाचून दाखवला तेव्हा निम्मा गाळला. शाळेत आता प्रेमाबाईंच्या नावानं वाचनखोली होत होती. रविवारी उद्घाटन होतं, आणि रस्त्याकडच्या भिंतीवर एका पेंटरनं माणसाच्या उंचीची निळी टिपरी रंगवून ठेवली होती.

"रविवार होऊन जाऊ दे," उत्तरेश्वर डब्याचं झाकण दाबत म्हणाला. "मग सावकाश सांगू. बीपीचं दुखणं हाय तिचं."

"सावकाश म्हंजे कधी?"

"सावकाश म्हंजे सावकाश."

उज्ज्वलाला सासूबाईंचं एक वाक्य सारखं आठवत होतं. पहिलं निळं पुस्तक पुरं झालं तेव्हा, ज्वारीचं सूप झटकत, खुशीत येऊन त्या म्हणाल्या होत्या: "ह्या बारीला लेकरं एका पण चित्रापाशी अडली न्हाईत. सत्तरीत हात बसला म्हणायचा माझा!"

*

जीपमध्ये आरोही आजीशेजारी मागं बसली होती. आजीला दवाखान्यातून मोठा काळा चष्मा दिला होता आणि आजी दर थोड्या वेळानं त्याची कड उचलून बाहेर बघत होती.

"आज्जी, चष्मा खाली घे. ऊन लागंल."

"लागू दे. ती एस्टी बघ. एवढी लाल असती व्हय ग?"

"एवढीच असती."

"मला वाटायचं, हल्ली रंग हलका मारायलेत." तिनं पुढं वाकून धाकट्या मुलाच्या डोक्याकडं बघितलं. "श्रीमंत, केस कधी पिकले रे तुझे?"

"चार-पाच वर्षं झाली, माय."

"मला कुणी बोललं न्हाई."

"त्यात काय बोलायचं? शाळेतली पोरं मागनं म्हातारा मास्तर म्हणतात, तेवढं बास हाय."

आजी हसली. आरोहीला मात्र हसता आलं नाही. ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनंच घरातल्यांना बसवून समजावून सांगितलं होतं: पिकलेल्या मोतीबिंदूतून निळा उजेड आतपर्यंत पोचतच नाही, म्हणून आजीला गडद निळं आणि काळं एकच दिसतं. नवीन भिंग बसलं की दोन्ही वेगळं दिसेल, पहिल्याच दिवशी. ते ऐकून काका म्हणाला होता, "म्हंजे आपलं पितळ उघडं पडणार."

"आरोही, तुझी काळी ओढणी कुठं गेली?"

"कुठली?"

"काल दवाखान्यात घेतली व्हतीस ती. काळी."

आरसा हलला. आरशात काकाचे डोळे तिच्याकडं बघत होते. ते म्हणत होते, टाकून दिली म्हण, धुवायला टाकलीय म्हण, काहीही म्हण. प्रयोगशाळेत आकडा मनासारखा आला नाही तर बदलून लिहायचा नाही, हे तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. ते इथं आठवायचं कारण नव्हतं, पण आठवलं.

"हीच ती, आज्जी."

"ही निळी हाय."

"व्हय. काल पण निळीच व्हती."

आजीनं ओढणीचं टोक हातात घेतलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि टोक डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ. गाडी एका उसाच्या ट्रॉलीच्या मागं हळू झाली होती. आजीनं टोक आरोहीच्या मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात फिरवून ते सरळ केलं.

वाडीचा फाटा आला. श्रीमंतनं डांबरी रस्ता सोडून गाडी डावीकडं पाणंदीत घातली.

"हिकडनं कुठं?" आजी म्हणाली.

"तिकडं काम चालूय रस्त्याचं."

"कालपर्यंत नव्हतं."

"आजच लागलंय. लई धूळ हाय, तुझ्या डोळ्याला..."

"पाणंदीत धूळ न्हाई का? शाळेपुढनं चल, श्रीमंत."

"माय, आता वळवायला जागा न्हाई."

"मग मागं घे. मी बसलीय."

श्रीमंतनं गाडी मागं घेतली. दोन्ही बाजूंच्या बोरीच्या फांद्या काचांना घासत होत्या. डांबरी रस्त्यावर येऊन तो शाळेकडं वळला तेव्हा आरोहीनं आजीचा हात धरला. तो हात तिच्या हातापेक्षा गरम आणि कोरडा होता.

शाळेच्या कंपाउंडबाहेर जीप थांबली. वाचनखोलीच्या पांढऱ्या भिंतीवर शेळी उभी होती. पुढचे दोन पाय उचललेले, मान वळवलेली, कान हवेत. पेंटरनं पुस्तकातल्या चित्राची हुबेहूब नक्कल केली होती. तिचा रंग आरोहीच्या ओढणीचा होता.

आजी बराच वेळ बघत राहिली. कपाळावर नेलेला चष्मा तिनं डोळ्यावर घेतला नाही.

"ही कोण?" तिनं विचारलं.

आरोहीनं काकाकडं बघितलं. काका स्टिअरिंगकडं बघत होता.

"टिपरी," तो म्हणाला.

"चल घरी."

*

उत्तरेश्वरनं डब्यांची खोली बाहेरून कडी लावून बंद केली होती आणि आपण काहीच केलं नाही असा चेहरा करून तो ओसरीत उभा होता. आई जीपमधून उतरली, कुणाचा हात न धरता पायऱ्या चढली आणि त्याच्यासमोर थांबली. कितीतरी वर्षांत तिनं असं थेट त्याच्याकडं बघितलं नव्हतं. तिची नजर नेहमी त्याच्या कानाजवळून जायची. त्याला आपण शर्टाचं वरचं बटण लावलं नाही याची लाज वाटली.

"पुस्तकं आण," ती म्हणाली.

"कुठली?"

"तू लपवलीस ती."

"मी कशाला लपवू?"

"देव्हाऱ्याखाली न्हाईत, कोनाड्यात न्हाईत. उंबऱ्यातनंच दिसलं. आजच तर दिसाया लागलंय, बाबा."

त्यानं कडी काढली. डबा उचलून ओसरीत आणला. आईनं दोन निळी पुस्तकं हुडकून काढली आणि मांडीवर घेऊन पानं उलटायला लागली. पानांना खव्याचा वास लागला होता. श्रीमंत खांबाला टेकून उभा राहिला, आरोही जमिनीवर बसली, आणि उज्ज्वला पाण्याचा तांब्या घेऊन आली तशीच दारात थांबली.

"माय, तू लई मनावर घेऊ नको," श्रीमंतनं सुरुवात केली. "ह्याच पुस्तकाला राज्याचा पुरस्कार मिळाला. काळ्या टिपरीपेक्षा निळी जास्त खपती. नवीन आवृत्ती सोमवारी मशीनवर जायचीय. लेकरांना आवडलीय ती. संपला विषय."

"चूक माझी हाय," आई म्हणाली. "बाटली मीच उचलली. वय झालं, दिसलं न्हाई, चुकलं. ते मी सोसीन. मला दुसरं कळंना झालंय." तिनं पुस्तक मिटलं. "गोठ्यात लेकरं अडली का न्हाईत?"

उत्तरेश्वरनं डब्याचं झाकण परत लावलं.

"लहान व्हती," उत्तरेश्वर म्हणाला. "कळलं नसंल."

"लेकरांना निळं कळत न्हाई?"

"तसं न्हाई, पण..."

"दादा, राहू द्या ना तुम्ही," श्रीमंत म्हणाला.

"का राहू द्या? तू तर पाणंदीतनं गाडी आणणार व्हतास!"

"मग काय करू? तुम्हीच म्हणाला, रविवारपर्यंत काय कळू द्यायचं न्हाई."

"मी सांगितलं व्हतं त्यांला," उज्ज्वला म्हणाली.

दोघं भाऊ थांबले. उज्ज्वलानं तांब्या खाली ठेवला.

"दारात अडवून सांगितलं व्हतं, आत्या. रंगाचं बोलू नका म्हणून. पहिल्या दिवशी मीच. मग रोज."

"ती एकटी न्हाई," उत्तरेश्वर लगेच म्हणाला. सकाळपासून तो तिच्याशी भांडत होता. आता नकळत तिच्या आणि आईच्या मधे येऊन उभा राहिला होता. "आम्हाला सगळ्यांना माहीत व्हतं. गावाला माहीत व्हतं. दुकानदाराला, पोस्टमनला, सगळ्यांला. कुणी बोललं न्हाई. तुझ्यासाठीच, माय."

"गावाला," आई म्हणाली. तिनं तो शब्द नुसता उच्चारून बघितला.

"तुम्ही आप्रेशन करत नव्हता," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आणि कळलं असतं तर ब्रश पण खाली ठेवला असता. मग दिवसभर काय केलं असतं तुम्ही? नुस्तं बसून राहिला असता अंधारात. मला ते बघवलं नसतं."

आईनं तिच्याकडं बघितलं. उत्तरेश्वरला वाटलं, ती आता निवळेल.

"उज्ज्वला, मी भिंतीकडं पाठ करून बसायची," ती सावकाश म्हणाली. "आयुष्यभर. मला एवढं एकच येतं, दुसरं काय न्हाई. चित्रं काढणारी लई माणसं हायेत, माझ्यापेक्षा चांगली. मी लेकरांचं ऐकते आणि परत काढते. आणि मी मागं कान देऊन बसलेली असताना पुढनं तू त्यांची तोंडं बंद करत व्हतीस. मला वाटलं, हात बसला माझा."

उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

"ही दोन पुस्तकं माझी न्हाईत. सोमवारी छापायची न्हाईत. रविवारचं पण नको, श्रीमंत. भिंत पांढरी करून घे."

"माय, पत्रिका वाटल्यात!"

"मग माणसं येतील, चहा पितील, जातील."

"आणि पुढचं पुस्तक?" आरोहीनं विचारलं. "अर्धं झालंय ना, आज्जी?"

"कुणाला विचारून पुरं करू? मी भिंतीवर कागद लावला, लेकरं गोड बोलली, तर ते खरं कशावरनं?"

ती उठली आणि परसदारातून गोठ्याकडं गेली. आरोही "धूळ हाय तिथं, आज्जी" म्हणत मागं गेली. श्रीमंतनं छापखान्याला फोन लावावा की नाही या विचारात मोबाइल काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"आता?" उत्तरेश्वरनं बायकोला विचारलं.

शाळा सुटल्याची घंटा झाली होती. उज्ज्वलानं ओसरीतली दोन पुस्तकं उचलली. विळी घेतली आणि उभ्यानंच एका पुस्तकाच्या शिवणीवर पातं चालवलं. उत्तरेश्वर "अगं, अगं" म्हणेपर्यंत पानं सुटी झाली होती. ती घेऊन ती दारात गेली, नेहमी उभी राहायची तिथंच, आणि रस्त्यावरून येणाऱ्या लेकरांना तिनं हाक मारली.

"ए, या हिकडं. सगळी या. पेढे न्हाईत आज. आज जे वाटंल ते बोलायचं. रंगाचं, कशाचंही. मोठ्यानं बोलायचं. कळलं का? मी सांगत व्हते ते चूक व्हतं."

लेकरं एकमेकांकडं बघायला लागली. मोठ्या माणसानं असं काही म्हटलेलं त्यांनी आधी ऐकलं नव्हतं.

*

गोठ्यात पाठ भिंतीकडं करून बसणं ही प्रेमाबाईंची सवय होती. आजही त्या तशाच बसल्या. पुढं ज्वारी नव्हती, म्हणून हात रिकामे होते. मागं लेकरांच्या पायांचा आवाज आला, उज्ज्वला कागद चिकटवत होती त्याचा आला. मग शांतता.

ती शांतता त्यांना ओळखीची होती. ही दोन पुस्तकं करताना रोज ऐकलेली. तिलाच आपण पसंती समजलो. आता ऐकली तर त्यात किती चुळबुळ होती: कुणाचा तरी पाय वाळूत घासत होता, कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं, आणि एक बारीक आवाज दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "बोलायचं नसतंय."

प्रेमाबाई वळल्या.

त्यांनी असं कधी केलं नव्हतं. लेकरं एक पाऊल मागं सरली. आठ-दहा तोंडं होती, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा होता; एकीच्या नाकावर खरचटल्याचा ताजा लाल ओरखडा. आवाजावरून त्यांना सगळी माहीत होती, चेहरे नवीन होते.

"शेळी कसल्या रंगाची हाय?" त्यांनी विचारलं.

उज्ज्वला भिंतीला टेकून उभी होती.

"काळी," एक मुलगा म्हणाला. मुलांना असं पाठ होतं.

"खरं सांग, बाळा. मला आजपासून दिसतंय."

"निळी," तो म्हणाला, आणि उज्ज्वलाकडं बघितलं.

"निळी, निळी," बाकीचे म्हणाले. आकाश कोसळलं नाही असं बघून एकानं "गर्द निळी!" अशी आरोळी ठोकली.

"बरं. ते चुकलंय का?"

लेकरांनी विचार केला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "न्हाई," एकजण म्हणाला, "टिपरी अशीच असती." "आमच्या घरची काळी हाय, पण ती टिपरी न्हाई," दुसरी म्हणाली. रंगाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, हे प्रेमाबाईंना दिसत होतं. पण नाकावर ओरखडा असलेली मुलगी गप्प होती. ती एका चित्रापुढं उभी होती आणि तिथून हलत नव्हती. बाकीच्या आवाजांना चेहरे मिळाले होते; उरली होती ती सृष्टी, कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यांची.

"सृष्टी, तू का अडलीस?"

"न्हाई अडले."

"अडलीस. मला दिसतंय."

सृष्टीनं खाली बघितलं. "ही मेली का, आजी?"

"कोण?"

"टिपरी. हितं ती तळ्यात उतरती. मग ती न्हाईच. नुस्तं पाणी हाय. माझी ताई म्हणती ती बुडाली. पुढच्या पानावर ती दुसरी शेळी हाय, दुसरी आणली." तिचे ओठ वाकडे झाले. "सगळ्यांना माहीताय. विचारायचं नसतंय म्हणून कुणी विचारत न्हाई."

"बुडालीच हाय ती," मुलगा म्हणाला. "मी तेवढं पान उलटतच न्हाई. दोन पानं एकदम उलटतो."

प्रेमाबाई उठून भिंतीजवळ गेल्या. खाली बसल्या, तसा डोळा सृष्टीच्या उंचीवर आला. टिपरी तळं पोहून जाते ते चित्र. त्यांना नीट आठवत होतं: पाण्यावर फक्त डोकं आणि शिंगं, काळी, ठसठशीत. पाणी फिकट दिसत होतं म्हणून त्यावर आणखी दोन हात दिले होते. आता समोर एक निळा चौकोन होता. खूप जवळून, वाकडं बघितलं तर त्यात शिंगाची कड सापडत होती. जिला माहीत नाही तिला सापडली नसती.

किती लेकरांनी हे पान उलटलं असेल, आणि कुणाला न विचारता टिपरीला मनात बुडवून ठेवलं असेल, याचा हिशेब त्यांना करवेना.

"ती मेली न्हाई," त्या म्हणाल्या. "ती पोहून गेली. मी काढली व्हती तिला. ही बघ, ही शिंगं. पाणी पण निळं आणि ती पण निळी, म्हणून दिसंना झाली. माझी चूक हाय, सृष्टी. मोठी चूक."

सृष्टीनं नाक जवळजवळ कागदाला लावलं. बोटानं शिंगाची कड शोधली, मग कानाची, मग डोळा सापडला तेव्हा ती ओरडली, "हाय! ही हाय!" आणि सगळी लेकरं त्या एका कागदावर तुटून पडली. "बघू, बघू." "ए, ढकलू नको." "अरे, खरंच हाय की!" दोन पानं एकदम उलटणारा मुलगा सगळ्यांत मागं उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत होता, "जिवंत हाय ना? डोळा उघडा हाय ना?"

"उज्ज्वला," प्रेमाबाई म्हणाल्या.

"जी, आत्या."

"ह्यांला आधी बोलू दिलं असतं, तर हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"व्हय, आत्या."

"मला राग आलाय."

"येऊ द्या."

"जायला वेळ लागंल त्याला. तवर छत्री आण. तळ्यावर जायचंय."

"आज्जी, उन्हात न्हाई हं!" आरोही दारातून म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणून तर छत्री." त्या लेकरांकडं वळल्या. "टिपरी काळी करू का परत?"

"न्हाईऽऽ!" असा गलका झाला की गोठ्यातल्या शेळ्या दावी ताणून उभ्या राहिल्या.

"मग पाणी बदलावं लागंल. पाणी कसलं असतंय?"

"निळं," एकजण म्हणाला.

"हॅट! आपल्या तळ्यातलं कुठं निळं हाय?"

"हिरवं हाय."

"मातीसारखं हाय."

"चला बघू," प्रेमाबाई म्हणाल्या.

श्रीमंत ओसरीत उभाच होता. आईच्या मागून लेकरांची रांग, छत्री धरलेली वहिनी, चष्म्याची डबी घेतलेली आरोही आणि शेवटी काही न कळता चपला घालत आलेला दादा, अशी वरात बघून तो पुढं झाला.

"माय, छापखान्याला काय सांगू?"

"एक पान थांबव म्हणावं. बाकीचं छापू दे."

"आणि भिंत?"

"भिंतीवर पाणी न्हाई ना काढलेलं? मग राहू दे."

तळं गावाच्या वरच्या अंगाला होतं. उन्हाळा लागल्यामुळं आटून मधे गोळा झालेलं. काठावरच्या भेगाळलेल्या गाळावर शेळ्यांच्या खुरांचे ठसे होते. प्रेमाबाई पाण्याच्या कडेला थांबल्या. उज्ज्वलानं छत्री त्यांच्यावर धरली, स्वतः उन्हात राहिली. आरोहीनं एकदा सांगून बघितलं, पण चष्मा वर गेलाच.

पाणी निळं नव्हतं. काठाशी ते दुधाळ पिवळं होतं, पुढं चहासारखं, मधे जिथं खोल होतं तिथं शेवाळी. त्यावर आभाळाचा एक पातळ पदर होता, आणि वारा आला की तो मोडत होता. इतकी वर्षं आपण पाणी म्हटलं की निळी बाटली उचलत आलो. डोळा चांगला होता तेव्हाही. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या स्वतःशीच हसल्या.

लेकरं काठावर पांगली होती. सृष्टी मात्र त्यांच्याजवळच उभी होती, पाण्याकडं अजून थोड्या संशयानं बघत.

"सृष्टी," त्यांनी विचारलं, "नव्या चित्रात टिपरी कुठं काढू?"

सृष्टीनं नीट बघितलं. खोल पाण्याकडं बोट केलं, मागं घेतलं, आणि मग काठाजवळच्या पिवळ्या, उथळ पाण्याकडं दाखवलं.

"तिथं," ती म्हणाली. "पाय टेकतील तिथं."